सिम्फॉनिक प्रोग्रेसिव्ह मेटलचा अल्बम: बैठक कशी लावायची, मत कसं घ्यायचं

सिम्फॉनिक प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणजे जड गिटारच्या मेटलला ऑर्केस्ट्राची आणि वेडेवाकड्या तालांच्या लांब रचनांची जोड. अशा अल्बमवर ऐकू येणारी मतं साधारण तीनच असतात. ‘भारी आहे’, ‘फार लांबवलंय’ आणि ‘प्रॉडक्शन मडी आहे’, म्हणजे वाद्यं एकमेकांत मिसळून गढूळ ऐकू येतात. तिन्हींत एक गोष्ट समान आहे: नेमकं कुठे, कोणत्या मिनिटाला, हे कोणी सांगत नाही. त्यातही पुष्कळदा मत अल्बमबद्दल नसतंच. ते खोलीबद्दल, स्वस्तातल्या ब्लूटूथ स्पीकरबद्दल किंवा आवाज किती मोठा ठेवला होता त्याबद्दल असतं. म्हणून आधी ऐकण्याची सोय नीट लावायची आणि मग माणसांना विचारायचं. तीन-चार जणांची बैठक पुण्यातल्या साध्या फ्लॅटमध्ये कशी लावायची, ते इथे दिलंय. एकट्याने ऐकणाऱ्यालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

उदाहरणाला सिम्फनी एक्स या न्यू जर्सीच्या बँडचा २००२ सालचा ‘द ओडिसी’ घेऊ. गाणी आठ, एकूण वेळ तासाहून थोडी जास्त आणि शेवटचं गाणं एकटंच २४ मिनिटांचं. ऑर्केस्ट्रा, वेडेवाकडे ताल, कथा आणि जड गिटार, सगळं एकाच ठिकाणी सापडतं. दुसरा कुठलाही अल्बम घेतला तरी चालेल, फक्त कोणती आवृत्ती ऐकतोय हे आधी पाहून लिहून ठेवा. मूळ आणि रीमास्टर (नंतर आवाज पुन्हा घासूनपुसून काढलेली आवृत्ती) यांच्या आवाजात इतका फरक असू शकतो की दोघं भांडत बसतात आणि दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी ऐकलेल्या असतात.

वेळ आणि खोली

रविवारी सकाळी १० ते साडेबारा ही सर्वात चांगली वेळ. दुपारी १ ते ४ या वेळेबद्दल पुण्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. त्या वेळात डबल किक (दोन्ही पायांनी वाजवलेला मोठा ड्रम) वाजवलं तर खालच्या मजल्यावरचे काका वर येणार, आणि त्यांचं बरोबरच असेल. रात्री १० नंतर मोठा आवाज कायद्यानेच बंद. गुरुवार टाळा, दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची असेल तर ती बहुधा त्याच दिवशी. गणपतीच्या आधीचे आठवडे नदीकाठच्या भागात संध्याकाळी बैठक ठेवू नका. ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू असताना बेस गिटार ऐकू आली नाही तर तो दोष मिक्सिंगचा, म्हणजे वाद्यांचे आवाज एकत्र जुळवण्याचा, नव्हे.

आता खोली. आपल्याकडे दहा बाय बाराची खोली, गुळगुळीत फरशी, एका बाजूला सरकत्या काचा, असा प्रकार असतो. मधोमध उभं राहून एकच जोराची टाळी वाजवा. टाळीमागून ‘झिंऽऽ’ असा धातूसारखा थरथराट आला, तर त्या खोलीत या संगीताचं वाटोळं होणार. कारण साधं आहे. मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत ड्रमर दोन्ही पायांनी मात्रेला चार ठोके वाजवतो तेव्हा सेकंदाला १२ ठोके पडतात, म्हणजे दोन ठोक्यांत फक्त ८३ मिलिसेकंद. मोकळ्या फरशीच्या खोलीत एका ठोक्याचा निनाद त्याच्या कितीतरी पट जास्त रेंगाळतो. पुढचे ठोके मागच्यात बुडतात आणि ऐकणारा लिहितो, ‘ड्रम्स मडी’.

उपाय फुकटातले आहेत. फरशीवर सतरंजी, तिच्यावर गाद्या. काचांवर जाड पडदे. स्पीकरच्या समोरच्या भिंतीला एक जुनी गोधडी लटकवा, किंवा पुस्तकांचं कपाट असेल तर त्याची दारं उघडी ठेवा. पुन्हा टाळी वाजवा. थरथराट पूर्ण जाणार नाही, पण निम्म्याने तरी कमी व्हायला हवा.

स्पीकर दहा फुटांच्या भिंतीकडे ठेवा. मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे, एकमेकांत सहा फूट अंतर, आणि ऐकणारा दोघांपासून सहा-सहा फुटांवर. बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आला पाहिजे. दिवाण असेल तर स्पीकरखाली स्टूल लागेल. दिवाण मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे बेस फुगतो. खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावरही बसू नका. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीपाशी गुरगुरतो आणि मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. पाच तारांच्या बेस गिटारची खालची तार ३१ हर्ट्झची, चार तारांच्या बेसची ४१ ची, सात तारांच्या गिटारची ६२ ची. म्हणजे खोलीचा हा खड्डा नेमका बेसच्या अंगणात पडतो. दिवाण फूटभर मागेपुढे सरकवला तर बेसवादक अचानक ‘सुधारतो’.

पंखा बंद. त्याच्या घरघरीपेक्षा वाईट म्हणजे फिरती पाती लांब सुरांना हलकासा कंप देतात, आणि व्हायोलिनचा ठेहराव घेतलेला सूर थरथरतोय असं वाटतं. एप्रिल-मेमध्ये गाण्यांच्या मधल्या वेळेत पंखा लावा.

जोडणी आणि आवाजाची पातळी

एकच ब्लूटूथ स्पीकर असेल तर बैठक हेडफोनवर करा. या संगीतात तोच रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) दोनदा वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवलेला असतो, मधली जागा गायक आणि बेससाठी मोकळी असते. एका डब्यात हे सगळं एकावर एक चढतं. तशा स्पीकरवर ऐकून मिक्सबद्दल दिलेलं मत सरळ बाजूला ठेवावं.

वायर पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मीटरवर मिळते; तीन-चार मीटरच्या अंतराला १६ गेजची पुरते. तिला सोन्याचा मुलामा असण्याची गरज नाही. मात्र लाल-काळं नीट पाहून जोडा. एका स्पीकरचं उलटं लागलं तर बेस गायब होतो आणि गायकाचा आवाज समोरून न येता खोलीभर पसरल्यासारखा वाटतो. शंका आली तर एकाच स्पीकरची जोडणी उलटी करून तेच गाणं लावा. ज्या जोडणीत गायक दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा राहतो आणि बेस भरतो, ती बरोबर.

फाइल लॉसलेस (मूळ आवाजातलं काहीही न गाळलेली) असावी, निदान ३२० केबीपीएसची. १२८ च्या एमपीथ्रीत झांजांचा आवाज पाण्यातून येतोय तसा सळसळतो. गिटार, कॉयर (एकत्र गाणाऱ्यांचा समूह), व्हायोलिन आणि झांजा एकदम वाजत असताना फाइल आवळायला सर्वात कठीण जातं, म्हणून साध्या पॉप गाण्यात न जाणवणारा हा दोष इथे उघडा पडतो.

ॲपमध्ये चार गोष्टी तपासा. क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात विरघळवणं) बंद, गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पडू देणं) चालू, इक्वलायझर (बेस-ट्रेबल कमीजास्त करणं) बंद, शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणं) बंद. शफलचा मुद्दा फक्त क्रमाचा नाही. आवाज समान ठेवण्याची सोय स्पॉटिफायवर चालू असेल, तर अल्बम क्रमाने लावल्यावर पूर्ण अल्बमची पातळी एकत्र सरकते. गाणी इकडची तिकडे झाली की प्रत्येक गाणं वेगळं मोजलं जातं आणि दोन मिनिटांचा हळुवार पियानोचा तुकडा जड गाण्याइतका मोठा होऊन बसतो. संगीतकाराने ठेवलेला चढ-उतार तिथेच मेला.

दोन अल्बमची तुलना करायची असेल तर पातळी जुळवणं सक्तीचं. एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठा वाजणारा अल्बम बहुतेकांना ‘जास्त चांगला’ वाटतो, आणि तो मोठा आहे हे लक्षातही येत नाही. फोनवरचं आवाज मोजायचं ॲप अगदी अचूक नसतं, पण एकाच फोनने एकाच खुर्चीवरून मोजलं तर तुलनेला चालतं. सरासरी ७८ ते ८० डेसिबलवर ठेवा. त्याहून फार खाली गेलात तर आपल्या कानाला बेस आधी ऐकू यायचा बंद होतो आणि ‘बेस नाहीच’ असं खोटं मत तयार होतं. फार वर जाणंही बरं नव्हे. ८५ डेसिबल ८ तास चालतो असं धरलं, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास. म्हणजे ९४ वर हा एक अल्बम ऐकला की कानाचा त्या दिवसाचा कोटा संपला.

तीनदा ऐकायचं, तीन वेगळ्या कामांसाठी

पहिल्यांदा सलग. फोन दुसऱ्या खोलीत, गाण्यांचे शब्द समोर नाहीत, थांबवणं नाही. प्रत्येक गाण्यानंतर ३० सेकंद थांबा आणि चिठ्ठीवर फक्त दोन गोष्टी लिहा: काय लक्षात राहिलं, आणि लक्ष कुठे उडालं. लक्ष उडाल्याची वेळ फार कामाची असते. चौघांचं लक्ष एकाच मिनिटाला उडालं असेल तर दोष रचनेत शोधा. एकाचंच उडालं असेल तर त्याला चहा द्या.

सवाईला रात्ररात्र बसलेल्या कानांना २४ मिनिटांच्या गाण्याची भीती घालण्यात अर्थ नाही. विलंबित ख्याल त्याहून लांब चालतो. अडचण वेगळी असते: ख्यालात राग आणि ताल एकच राहतो आणि बढत होत जाते, इथे दर दोन-तीन मिनिटांनी ताल, लय आणि सूर सगळंच बदलतं. ऐकणाऱ्याला धरून ठेवायला एकच दोरी असते, ती म्हणजे परत येणारी धून. दुसऱ्या खेपेला काम तेच. शेवटच्या लांब गाण्याच्या सुरुवातीच्या ओव्हर्चरमधली (वाद्यांच्या प्रस्तावनेतली) मुख्य धून गुणगुणता येईपर्यंत ऐका. मग पूर्ण गाणं लावा आणि ती जिथे जिथे परत येईल ती वेळ लिहा: तशीच आली, की संथ होऊन, की वेगळ्या वाद्यावर, की दुसऱ्या तालात घडी घालून. धून बदलून येत असेल तर रचना खरोखर मोठ्या आवाक्याची आहे. कुठेच येत नसेल, आणि मधले दोन तुकडे अदलाबदल केले तरी काही बिघडत नसेल, तर ती सहा गाणी शिवून केलेलं एक गाणं आहे. ‘फार लांबवलंय’ म्हणायचं तर हे तपासून म्हणावं.

तिसऱ्या खेपेला शब्द समोर घ्या. ‘द ओडिसी’च्या शेवटच्या गाण्यासाठी होमरच्या कथेची एवढी तोंडओळख पुरे: ओडिसियस युद्ध संपवून इथाकाला घरी निघतो, वाटेत एकडोळ्या राक्षसाच्या तावडीतून सुटतो, सर्सी नावाची जादूगारीण भेटते, गाऊन खलाशांना बुडवणाऱ्या सायरन, मग सिला आणि कॅरिब्डिस यांच्यामधली अरुंद वाट, आणि शेवटी घरी येऊन बायकोच्या मागे लागलेल्या उमेदवारांचा निकाल. गाण्याचे भाग याच क्रमाने आहेत. पाहायचं ते हे की डोळे मिटले तरी प्रसंग बदलल्याचं संगीतातून कळतं का, की फक्त शब्दांतून.

ताल मोजताना

तबला ऐकलेल्या माणसाला इथे निम्मं काम येतं आणि निम्मं आडवं येतं. सातच्या रिफला लोक लगेच रूपक लावतात, ३-२-२. पण मेटलमध्ये सात पुष्कळदा २-२-३ किंवा ४-३ असा पडतो, शिवाय रूपकात पहिल्या मात्रेवर खाली असते आणि इथे पहिल्याच मात्रेवर सगळे तुटून पडतात. त्यामुळे आधी विभाग गृहीत धरू नका. पायाने सारख्या मात्रा धरा, रिफ पहिल्या सुरावर कधी परत येतो ते पाहा आणि मधल्या मात्रा मोजा. क्रॅश झांज बहुधा समेवर वाजते, तिला खूण धरा.

पाचचा सराव करायचा तर गुस्ताव होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधला ‘मार्स’ लावा. जवळजवळ पूर्ण पाचात आहे आणि तोच ठोका बराच वेळ वाजतो. झपताल २-३ ने सुरू होतो, हा ३-२ ने. दहा मिनिटं त्याच्याबरोबर टाळी धरली की मेटलमधले पाच घाबरवत नाहीत.

गोंधळ होतो तो गिटार आणि ड्रम वेगवेगळं मोजत असताना. गिटारचा रिफ ७ मात्रांचा आणि ड्रमचा ठेका ८ चा असेल, तर दोघं ५६ मात्रांनी पुन्हा एकत्र समेवर येतात. मधल्या वेळात ‘बँड सुटला’ असं वाटतं. एका हाताने गिटार आणि दुसऱ्याने स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) धरा. दोन्ही हात एकदम पडले त्या जागेची वेळ लिहा. ती जागा पुन्हा तेवढ्याच अंतराने आली तर कोणी सुटलेलं नाही.

अवघड ताल म्हणजे चांगलं गाणं, असं मत मात्र स्वीकारू नका. त्या सातने काय साधलं, हा प्रश्न विचारा. आठवी मात्रा कापल्यामुळे रिफ पुढे ढकलला जातोय का? गायकाची ओळ त्यावर सहज बसते का, की शब्द कोंबलेत? तालाचं गणित ऐकू येत नसताना गाणं चालतंय, हीच मोठी तारीफ.

ऑर्केस्ट्रा खरा की संगणकावरचा

यावर वाद फार होतो आणि बहुतेक वेळा उत्तर अल्बमच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. मेटालिकाने १९९९ साली सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर वाजवलं, ड्रीम थिएटर या बँडच्या २०१६ च्या ‘द ॲस्टॉनिशिंग’मध्येही खरा वाद्यवृंद आहे, ‘द ओडिसी’मधला ऑर्केस्ट्रा गिटारिस्ट मायकेल रोमिओने कीबोर्ड आणि संगणकावर रचलेला आहे. पुस्तिका बघण्याआधी कानाने ठरवून पाहायचं असेल तर तीन जागा ऐका. व्हायोलिनचे तुटक, जलद सूर: सगळे अगदी एकसारखे, शिलाई मशीनसारखे पडत असतील तर सॅम्पल, म्हणजे आधी मुद्रित केलेले सूर संगणकावरून वाजवलेले. कॉयर: फक्त ‘आऽ’ आणि ‘ओऽ’ असेल तर बहुधा सॅम्पल, व्यंजनांसकट नीट शब्द असतील तर बहुधा माणसं. आणि सूर सुरू होण्याची कड: खऱ्या वाद्यवृंदात वीस जण किंचित मागेपुढे सुरू करतात, त्यामुळे कड मऊ असते.

पण सॅम्पल म्हणजे कमी दर्जा, हे चूक. खरा वाद्यवृंद घेऊन त्याला गिटारच्या मागे पुरून टाकणारे अल्बम आहेत. डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज मुद्दाम फाटवलेली, गिटार खालपासून वरपर्यंत सगळी पट्टी व्यापते. चेलो आणि व्हायोला तिच्याच जागेत वाजतात, त्यामुळे तेच आधी बुडतात, उंच व्हायोलिन आणि पितळी वाद्यं तरतात. म्हणून मत देताना असं विचारा: गिटार थांबल्यावर ऑर्केस्ट्राला काही बोलायचं होतं का, की तो गिटारचीच धून वरच्या सप्तकात गिरवत होता? स्वतःची वेगळी ओळ असेल तर तो सिम्फॉनिक. गिरवत असेल तर ती सजावट.

मतं घेताना

बोलण्याआधी लिहायचं, हा नियम मोडू देऊ नका. आपल्याकडे प्रत्येक घोळक्यात एक जाणकार असतो. तो ‘हं, ठीक आहे’ म्हणाला की बाकीचे तीन माना डोलावतात. चिठ्ठ्या आधी गोळा करा आणि वाचायला सर्वात लहानापासून सुरुवात करा. ज्याने ओपेथ या मेटल बँडला २०१९ साली पुण्यात वीकेंडर या संगीत महोत्सवात समोर ऐकलंय, त्याला आधीच सांगून ठेवा की मैदानावरच्या रात्रीची तुलना या खोलीशी करायची नाही.

दहापैकी गुण मागू नका. ८-८-८ आणि १०-१०-४ यांची सरासरी एकच येते, पण दुसऱ्या बैठकीत काहीतरी घडलेलं असतं आणि तेच ऐकण्यासारखं असतं. त्याऐवजी विचारा: पूर्ण अल्बम परत ऐकशील का, नाहीतर कोणती दोन गाणी ठेवशील?

चिठ्ठीवर ‘ऑर्केस्ट्रा छान पण मिक्स मडी’ असं आलं तर ती परत द्या. कामाची चिठ्ठी अशी दिसते: ‘तिसरं गाणं, ४:१० ते ४:४०. कॉयर आला की किक ऐकू येत नाही, नुसता धडधडाट. ४:४१ ला कॉयर थांबला की किक परत स्पष्ट.’ यावर चौघं मिळून काहीतरी करू शकतात. तेच तीस सेकंद हेडफोनवर लावा. तिथे किक स्पष्ट आली तर दोष खोलीचा. तिथेही आली नाही तर लॉसलेस फाइल लावून पाहा. तरीही नाही, आणि दुसऱ्या एखाद्या ओळखीच्या अल्बममधली डबल किक त्याच हेडफोनवर स्वच्छ येते, तर मग मिक्सिंगला खुशाल नावं ठेवा. मधल्या जागेवर न बसलेल्यांची डाव्या-उजव्याबद्दलची तक्रार मात्र मोजू नका, किंवा जागा बदलून त्यांना पुन्हा ऐकवा.

लिहून काढताना वर आवृत्ती, फाइल आणि कशावर ऐकलं ते एका ओळीत द्या. मग ज्या जागी सगळ्यांचं एकमत झालं त्या वेळा. मग मतभेद, दोन्ही बाजूंसकट, कोणाची बाजू वरचढ हे न ठरवता. गायकाबद्दलचं मत वेगळं ठेवा, कारण तिथे आवड-निवड सर्वात आडवी येते आणि ऑपेराचा कंप न आवडणारा माणूस बाकी सगळ्याला पण कमी लेखतो. चिठ्ठ्या टाकून देऊ नका. पंधरा दिवसांनी त्याच चौघांना फक्त शेवटचं गाणं ऐकवा, कोऱ्या चिठ्ठ्या द्या, आणि जुन्या त्यांनी लिहून संपवेपर्यंत खिशातच ठेवा.